डोक्याशेजारचा पडदा

माझ्या आतेबहिणीची टिकली तिच्या गाडीच्या एअरबॅगला चिकटलेली मी पाहिली, त्याला आता दोन वर्षं होत आली. गाडी गॅरेजच्या आवारात मागच्या भिंतीला लावलेली होती. ड्रायव्हरकडचं दार आत दबून सीटला टेकलेलं, काचेचा चुरा सीटवर आणि पायात, आणि छताच्या कडेपासून खाली लोंबणारं मळकट पांढरं कापड, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं. त्या कापडावर, एरवी जिथे काच असते बरोबर त्या उंचीला, मरून रंगाची एक टिकली.

ताई रात्री साडेबाराला घरी येत होती. कोथरूडमधल्या एका चौकात सिग्नल पिवळ्यावर लुकलुकत होता. अर्धा चौक तिनं ओलांडला आणि उजवीकडून भाजीचे क्रेट भरलेला पिकअप थेट तिच्या दारावर आला. दोन बरगड्या मोडल्या, कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात होता. डोक्याला मात्र साधं टेंगूळही नव्हतं. सगळे म्हणाले, नशीब थोर. आत्या तळ्यातल्या गणपतीला नारळ ठेवून आली.

हात मीही जोडले. पण ते नशीब कुठून आलं होतं हे मला ठाऊक होतं, कारण गाडी घेताना मी भाऊजींबरोबर शोरूममध्ये होतो. मधलं व्हेरियंट जवळजवळ ठरलं होतं आणि त्यात पुढच्या दोनच एअरबॅग होत्या. मुलांनी सनरूफचा हट्ट धरला म्हणून भाऊजींनी लाखभर वाढवून वरचं व्हेरियंट घेतलं. सनरूफ, मोठा स्क्रीन आणि दारातले रंगीत दिवे यांच्याबरोबर बाजूच्या एअरबॅग आणि हा पडदाही आला. त्याच्याबद्दल आमच्यापैकी कुणी एक प्रश्न विचारला नाही. मीही नाही. मुलांचा हट्ट मोडला असता तर त्या रात्री ताईच्या डोक्याच्या आणि पिकअपच्या मध्ये चार मिलिमीटरची काच असती.

तेव्हापासून मी हे ज्याला त्याला सांगत आलो आहे आणि आज इथे लिहितो आहे: बाजूच्या धडकेत डोकं वाचवणारा पडदा ही हौसेच्या यादीतली वस्तू असता कामा नये. तो प्रत्येक नव्या गाडीत, सगळ्यात स्वस्त व्हेरियंटमध्येसुद्धा, कायद्यानं असला पाहिजे.

समोरून धडक बसते तेव्हा तुमच्या आणि समोरच्या वाहनाच्या मध्ये बंपर असतो, बॉनेट असतं, इंजिन असतं. पत्रा चुरगळत जातो आणि त्यात वेग जिरतो. बाजूला यातलं काहीच नाही. दाराची जाडी धरून तुमच्या खांद्यापासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत जेमतेम वीतभर अंतर असतं, फार तर दीड वीत. दारात आडवी पोलादी पट्टी असते, दोन दारांमधला खांब मजबूत केलेला असतो, पण जागाच नाही तर चुरगळायचं काय? त्यामुळे बाजूच्या एअरबॅगला वेळही तितकाच थोडा. पुढच्या एअरबॅगला धडक ओळखून पूर्ण फुगायला साधारण पन्नास मिलिसेकंद मिळतात. बाजूच्या बॅगेला पंधरा-वीस मिलिसेकंदांत सगळं उरकावं लागतं. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

एवढ्या घाईत ती ओळखते कशी? मधल्या खांबाच्या तळाशी सेन्सर असतो आणि बऱ्याच गाड्यांत दाराच्या पोकळीतही एक सेन्सर असतो, हवेचा दाब मोजणारा. बाहेरचा पत्रा आत ढकलला गेला की पोकळीतली हवा दाबली जाते, आणि गाडीला हिसका जाणवण्याआधीच सेन्सरला खबर लागते. मग सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेतून छातीसाठीची छोटी बॅग उसळते आणि छताच्या कडेतून पडदा खाली येतो. पुढची बॅग फुगते आणि लगेच बसते. पडदा मात्र काही सेकंद फुगलेला राहतो, कारण धडकेनंतर गाडी उलटली तर डोकं खिडकीबाहेर जाऊ नये. व्हॉल्वोनं १९९४ साली छातीसाठीची बॅग बाजारात आणली आणि पडदा १९९८ साली. म्हणजे हे तंत्र पाव शतक जुनं आहे. नवीन म्हणून वाट पाहावी असं त्यात काही उरलेलं नाही.

ते किती वाचवतं, याची चांगली मोजणी अमेरिकेत झाली आहे. तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं २००७ साली खऱ्या अपघातांची आकडेवारी तपासली. ड्रायव्हरच्या बाजूनं धडक बसली तेव्हा डोक्याचं रक्षण करणाऱ्या बाजूच्या एअरबॅगमुळे कारच्या ड्रायव्हरचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी कमी दिसला, एसयूव्हीच्या ड्रायव्हरचा ५२ टक्क्यांनी. नुसती छातीची बॅग असेल तर कारमध्ये २६ टक्के. पुढे सरकारी संस्थेनं जास्त वर्षांचा डेटा घेऊन २०१४ साली तोच हिशेब मांडला. पडदा आणि छातीची बॅग दोन्ही असतील तर त्याच बाजूला बसलेल्या माणसाचा मृत्यूचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी, नुसता पडदा असेल तर १६, नुसती छातीची बॅग असेल तर जेमतेम ८.

दोन अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत, पण दोन्हीकडे कल एकच आहे. डोकं झाकलं की फायदा ठळकपणे वाढतो. छाती दारावर आदळली तर बरगड्या मोडतात, आणि मोडलेल्या बरगड्या बहुतेकदा सांधतात. डोकं खांबावर, झाडावर किंवा ट्रकच्या बंपरवर आदळलं की डॉक्टरच्या हातात फार काही राहत नाही.

याच आकड्यांची दुसरी बाजूही सरळ सांगायला हवी. ३१ टक्के म्हणजे एअरबॅग नसत्या तर जे शंभर गेले असते त्यांतले ३१ वाचले. उरलेले ६९ सगळ्या एअरबॅग असूनही गेले. पडदा म्हणजे कवच नव्हे. शिवाय हे आकडे ज्या बाजूला धडक बसली त्या बाजूच्या माणसाचे आहेत. धडक डावीकडून बसली तर ड्रायव्हर डावीकडे फेकला जातो, बेल्टमधून खांदा निसटतो, आणि शेजारच्या माणसाच्या डोक्यावर त्याचं डोकं आदळू शकतं. तिथे उजवीकडचा पडदा काय करणार? त्यासाठी दोन सीटच्या मध्ये फुगणारी वेगळी बॅग काढली गेली आहे, पण आपल्याकडच्या सामान्य गाड्यांत ती सहसा नसते.

आता पुण्याकडे येतो, कारण या प्रश्नाचं घर इथेच आहे. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय १९६६पासून इथे आहे, वेताळ टेकडीवर. तिचं चाकणला मोठं केंद्र आहे. धडकेच्या चाचण्या घेऊन गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅप योजनेचा कारभार भोसरीची सीआयआरटी ही संस्था पाहते. देशातली गाडी किती सुरक्षित, हे ठरतं ते आपल्या पंचक्रोशीत.

बाजूच्या धडकेची जी चाचणी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक कारला बंधनकारक आहे, तिचं नाव एआयएस ०९९. युरोपातल्या जुन्या नियमावर ती बेतलेली आहे. त्यात उभ्या गाडीच्या दारावर चाकं लावलेला एक अडथळा ताशी ५० किलोमीटर वेगानं आदळवतात. अडथळ्याचं वजन ९५० किलो. त्याचं मऊ ॲल्युमिनियमचं तोंड जमिनीपासून ३०० मिलिमीटरवर सुरू होतं आणि ८०० मिलिमीटरवर संपतं. साध्या भाषेत सांगायचं तर हा अडथळा म्हणजे एक जुनी, बुटकी, हलकी कार. तो दारावर, कमरेवर आणि बरगड्यांवर येतो. ड्रायव्हरचं डोकं मीटरभराच्या वर असतं, तिथे तो पोचतच नाही. त्यामुळे पडदा नसलेली गाडी ही चाचणी आरामात उत्तीर्ण होऊ शकते, आणि होते. यात कुणी फसवाफसवी करत नाही. चाचणीच डोक्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं विचारत नाही.

एखाद्या रात्री दहानंतर चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून पाहा. नाशिक रस्त्यावरून येणारे कंटेनर, तळेगावकडे वळणारे ट्रेलर, कंपन्यांच्या बस, भरलेले पिकअप. यातल्या एकाचंही नाक ८०० मिलिमीटरवर संपत नाही. भरलेला पिकअप अडीच-तीन टनांचा असतो आणि त्याचं बॉनेट नेमकं हॅचबॅकच्या खिडकीच्या खालच्या कडेशी येतं. हल्ली कारसुद्धा उंच झाल्या आहेत. दहा वर्षांपूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हॅचबॅकच्या रांगा असायच्या, आज दर दुसरी गाडी एसयूव्ही आहे. बाजूनं येणारं वाहन उंच आणि जड होत चाललं आहे, आणि सक्तीची चाचणी अजून ९५० किलोंच्या बुटक्या गाडीवर थांबली आहे.

डोक्याचा प्रश्न विचारणारी चाचणी आहे. तिला खांबाची चाचणी म्हणतात. गाडी आडवी सरकवून २५४ मिलिमीटर जाडीच्या पोलादी खांबावर ताशी २९ किलोमीटरनं आदळवतात, खांब ड्रायव्हरच्या डोक्याच्या रेषेत. पडदा नसेल तर डमीचं डोकं थेट लोखंडावर जातं. आपल्या रस्त्यांवर खांब, झाडं आणि दुभाजकावरचे दिवे काय कमी आहेत? पावसाळ्यात गाडी घसरून आडवी गेली तर हीच चाचणी कात्रज घाटात होते. अमेरिकेनं २०१०पासून टप्प्याटप्प्यानं अशी चाचणी सक्तीची केली. कायद्यात पडद्याचं नाव घालावं लागलं नाही, कारण पडद्याशिवाय ती उत्तीर्ण होणं कंपन्यांना जमण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे ही चाचणी भारत एनकॅपमध्ये आहे, आणि तीन किंवा अधिक तारे हवे असतील तरच ती लागते. भारत एनकॅप ऐच्छिक आहे. ज्या कंपनीला तारे नकोत तिला कुणी विचारत नाही.

आपण सक्तीच्या किती जवळ पोचलो होतो, हे आता बहुतेकांच्या लक्षातही नाही. पुढच्या दोन एअरबॅग २०२१च्या अखेरीस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या. लगोलग १४ जानेवारी २०२२ला केंद्र सरकारनं मसुदा काढला: १ ऑक्टोबर २०२२नंतर बनणाऱ्या गाड्यांत छातीसाठी दोन बॅग आणि दोन पडदे, म्हणजे पुढच्या दोन धरून एकूण सहा एअरबॅग. त्याच सप्टेंबरच्या ४ तारखेला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. देशभर पंधरा-वीस दिवस गाडीतल्या सुरक्षेवर चर्चा झाली. महिना संपता संपता, २९ सप्टेंबरला, नितीन गडकरींनी सुट्या भागांच्या जागतिक टंचाईचं कारण देऊन नियम एक वर्ष पुढे ढकलला. वर्ष भरत आलं तेव्हा, सप्टेंबर २०२३मध्ये, त्यांनी सांगितलं की आता सक्ती करणार नाही. भारत एनकॅप आलं आहे, लोक तारे पाहून गाडी घेतील, कंपन्या स्पर्धेनं सुधारतील.

गडकरींनी रस्तासुरक्षेसाठी जेवढा आग्रह धरला तेवढा त्यांच्या आधीच्या फार थोड्या मंत्र्यांनी धरला असेल, हे मान्य करूनही मला हा निर्णय चुकीचा वाटतो. स्पर्धेनं सुधारणा झाली, हे खरंच. ह्युंदाईनं ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग दिल्या. मारुतीनं २०२५मध्ये अल्टो के१० आणि वॅगन आरसारख्या गाड्यांतही दिल्या. पण यातूनच तर माझा मुद्दा सिद्ध होतो. देशातल्या सगळ्यात स्वस्त गाड्यांपैकी एकीत सहा एअरबॅग बसत असतील, तर इतरांनी न बसवण्याला कारण काय उरलं? आज कंपनीनं स्वतःहून दिलेलं उद्या मंदीत, किंमत पाच-दहा हजारांनी खाली आणायला, काढूनही घेता येतं. कायदा असेल तर नाही.

किमतीचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. छोट्या गाड्या बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की किंमत वाढली तर दुचाकीवरून चारचाकीवर येऊ पाहणारं कुटुंब दुचाकीवरच राहील, आणि ते जास्त धोक्याचं आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. पुण्यात राहणाऱ्याला हे आकड्यांतून कळायची गरज नाही. आईवडिलांच्या मध्ये दप्तरासकट बसलेलं पोर रोज सिंहगड रस्त्यावर दिसतं. पण किमतीचा युक्तिवाद पुढच्या एअरबॅगच्या वेळीही झाला होता. तरी सगळ्यांना सक्ती झालीच, आणि लाखोंनी उत्पादन सुरू झालं की कुठल्याही भागाची किंमत खाली यायला मदतच होते. शिवाय पै पै जमवून पहिली गाडी घेणाऱ्या माणसाला आपण काय सांगतो आहोत? तुझं डोकं झाकायचं असेल तर सनरूफपण घे?

रस्ते आणि चौक सुधारा, एअरबॅगचं काय घेऊन बसलात, असंही लोक म्हणतात. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आधी सुधारायला हवा, यात मला तिळमात्र शंका नाही. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एका ट्रकनं गाड्यांची रांगच्या रांग उडवली आणि त्यानंतरही तिथली रक्ताची धार थांबलेली नाही. रात्री मोठ्या चौकांतले सिग्नल पिवळ्यावर सोडू नयेत, हेही मी म्हणेन. ताईचा अपघात त्यानंच झाला. पण चौक सुधारायला महापालिका, वाहतूक पोलीस आणि महामार्ग प्राधिकरण यांना एकत्र बसावं लागतं, आणि त्यात किती वर्षं जातात ते आपण पाहतोच आहोत. गाडीतला पडदा एका अधिसूचनेनं येतो. एकासाठी दुसरं अडवून ठेवायचं कशाला?

असलेल्या एअरबॅगचं आपण काय करतो, तेही बोललं पाहिजे. छातीची बॅग सीटच्या पाठीच्या बाहेरच्या शिवणीतून फुटून बाहेर येते. ती शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली असते आणि तिथे ‘एअरबॅग’ असं लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली असते. नवी गाडी आणली की आठवड्यात आपण नाना पेठेत जाऊन लेदरचं कव्हर चढवतो. जाड रेक्झिन, आतून फोम, आणि बाहेरच्या कडेला दुहेरी पक्की शिलाई, म्हणजे वर्षानुवर्षं उसवू नये. मिलिसेकंदांचा हिशेब असताना हे फुटणार कसं? मी माझ्या गाडीसाठी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, “काका, तिथे भोक ठेवतो की, काळजी नका करू.” कव्हर बसवून झाल्यावर पाहिलं तर भोक होतं, पण पट्टीच्या चार बोटं खाली. मी ते तिथल्या तिथे काढायला लावलं. एअरबॅगसाठी खरोखर कच्ची शिवण दिलेली कव्हरं मिळतात. ती नसतील तर मूळ कापडावर बसावं.

दारातल्या स्पीकरचंही तेच. मोठे स्पीकर बसवण्यासाठी दाराचं आतलं पॅनेल कापतात, भोकं मोठी करतात. ज्या गाडीत दाबाचा सेन्सर आहे तिच्यात ती पोकळी बंद असण्यावरच सगळं अवलंबून आहे. हवा भोकातून निसटली तर खबर उशिरा लागते. कंपन्या मॅन्युअलमध्ये दारात फेरफार करू नका असं लिहितात, आणि मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर येत नाही. दाराला डोकं टेकून झोपायची सवयही सोडायला हवी, मुलांची तर नक्कीच. बॅग ज्या जोरानं येते तो जोर मोकळ्या जागेसाठी आहे, टेकलेल्या कानासाठी नाही. आणि बेल्ट हवाच. बेल्ट नसेल तर धडकेच्या क्षणी माणूस जागेवरच नसतो, मग पडदा कुणासाठी खाली येणार?

जुन्या गाड्यांच्या बाजारात तर कुणी विचारतच नाही. एअरबॅग उघडलेली गाडी दुरुस्त करायची तर बॅग, सेन्सर आणि कंट्रोल युनिट नवीन टाकावं लागतं, आणि ते महाग पडतं. काही जण छताचं अस्तर नीट चिकटवून, आत काहीच न घालता गाडी विकतात. बाहेरून कळायचा मार्ग नसतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कुणीतरी त्याची वायर काढली आहे असंच समजावं. लागला आणि विझला तरी पूर्ण खात्री नाही, कारण प्रतिरोधक जोडून सिस्टिमला फसवता येतं. म्हणून विम्याच्या दाव्यात एअरबॅग उघडल्याची नोंद झालेली गाडी नव्या नावावर चढवताना, एअरबॅग बदलल्याची कंपनीची पावती आरटीओनं मागितली पाहिजे. कागद एकच लागेल.

सहा एअरबॅगचा मसुदा आजही केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या फायलीत असणार. त्यात तारीख तेवढी बदलायची आहे. सहा एअरबॅगची सक्ती नको असेल तर खांबाची चाचणी सगळ्या कारना सक्तीची करा, एअरबॅगचा आकडा घालूच नका. चाकणला ती चाचणी घेणारी माणसं आहेत, यंत्रं आहेत.

ताईनं गेल्या दिवाळीत दुसरी गाडी घेतली. शोरूममध्ये मुलं पुन्हा सनरूफखाली जाऊन उभी राहिली. ताई आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसली, दार लावलं, आणि डोक्याच्या उजवीकडे, छताच्या कडेला बोट फिरवून प्लॅस्टिकवर उठवलेली अक्षरं चाचपून पाहिली. मग विकणाऱ्या मुलाला विचारलं, “हे सगळ्यात खालच्या मॉडेलमध्येपण आहे ना?” तो हो म्हणाला. तिनं तेच मॉडेल घेतलं.